बायबरीचं कौतुक पुरे, चाकणच्या खंदकाचं बोला

ती रील तुमच्याही मोबाइलवर येऊन गेली असणार. मधाच्या रंगाच्या दगडी घरांची बुटकी रांग, समोरून वाहणारी नितळ नदी, तिच्यात बदकं, दारात फुलं. खाली मराठीत ओळ : "याला म्हणतात गाव!" गावाचं नाव बायबरी, इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातलं. वस्ती काहीशे. आणि रीलच्या खाली आपलीच मंडळी, हिंजवडीची, भोसरीची, आमच्या चाकणचीसुद्धा : "आपल्याकडे हे शक्यच नाही." "आपल्या लोकांना कदरच नाही."

गाव सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. भांडण आहे ते "आपल्या लोकांना कदरच नाही" या वाक्याशी. हे वाक्य खोटं आहे आणि सोयीचंही आहे. दोष लोकांच्या स्वभावावर ढकलला की कायदा, नकाशा, नियमावली आणि ती लिहिणारे सगळे मोकळे सुटतात. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी बायबरीचंच बघू. रीलमध्ये दिसणारी ती रांग म्हणजे आर्लिंग्टन रो. चौदाव्या शतकात मठाच्या मालकीचं लोकर साठवायचं कोठार म्हणून ती बांधली गेली. सतराव्या शतकात तिथे विणकरांची बिऱ्हाडं आली. म्हणजे आज ज्याला आपण स्वप्नातलं गाव म्हणतो, ती मुळात गोदाम आणि कामगारांची चाळ! पुढे यंत्रं आली, कापडाचा धंदा उत्तरेकडच्या गिरण्यांकडे गेला आणि कॉट्सवोल्ड्सची गावं मागे पडली. जुनी घरं पाडून नवी बांधायला लोकांकडे पैसा नव्हता, म्हणून जुनी राहिली. यात कदरबिदर काही नाही. गरिबीने वाचवली.

मग पैसा आला, मोटारी आल्या. तेव्हा ती कशी टिकली? नियमांनी. आर्लिंग्टन रो आज नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून तिकडे जुन्या इमारतींची यादी होते. यादीतल्या घराची खिडकीसुद्धा परवानगीशिवाय बदलली तर तो फौजदारी गुन्हा. पण माझ्या मते खरी कलाटणी १९६७ च्या कायद्याने दिली. तोवर संरक्षण एकेका इमारतीला होतं. १९६७ पासून अख्ख्या भागाला मिळू लागलं : गल्ली, चौक, घरांची रांग, मधली झाडं, सगळ्याला मिळून. त्याला ते संवर्धन क्षेत्र म्हणतात. तिथे झाड तोडायचं असेल तरी नगरपालिकेला सहा आठवडे आधी कळवावं लागतं. अशी क्षेत्रं एकट्या इंग्लंडमध्ये आज सुमारे दहा हजार आहेत. म्हणजे दहा हजार ठिकाणी कुणीतरी नकाशावर रेघ मारून सांगितलं, की इथे जरा जपून.

आता आपल्याकडे या.

चाकण म्हटलं की काय आठवतं? कांदा, कंपनी आणि ट्रॅफिक. बाहेरच्याला विचारा, तो तळेगाव चौकात किती वेळ अडकला ते सांगेल. मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाज ही नावं सांगेल. या चाकणमध्ये एक किल्ला आहे, हे इथे दहा वर्षं राहून कंपनीत जाणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. त्यांची चूक नाही. मुद्दाम शोधत गेल्याशिवाय तो दिसतच नाही.

संग्रामदुर्ग. भुईकोट. पुण्याच्या उत्तरेला अठरा मैलांवर, नाशिकच्या वाटेवर. पंधराव्या शतकात बहामनी सरदार मलिक-उत्-तुजारने कोकणच्या मोहिमेसाठी इथे तळ ठोकला होता. पुढे निजामशाहीकडून मालोजीराजांना पुणे-सुपे परगण्यांसोबत शिवनेरी आणि चाकण हे दोन किल्ले मिळाले. शिवनेरीचं नाव शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चाकण त्याच सनदेतलं दुसरं नाव.

आणि मग १६६० चा पावसाळा. हा मला जरा सविस्तर सांगू द्या.

त्या वर्षी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. त्याच वेळी शाहिस्तेखान मोगलांची प्रचंड फौज घेऊन पुण्यात उतरला. जूनच्या २१ तारखेला तो चाकणसमोर येऊन उभा राहिला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा, आत काहीशे माणसं. कुमक येण्याची शक्यता शून्य, कारण राजा स्वतःच वेढ्यात. जुलैच्या मध्यावर महाराज पन्हाळ्यावरून निसटले, घोडखिंडीत बाजीप्रभू पडले, ती खिंड पावनखिंड झाली. हे सगळं घडत असताना इकडे चाकण लढतच होतं. डोंगर नाही, कडा नाही, सपाट जमिनीवरचा किल्ला. भरवसा फक्त तटावर, बुरुजांवर आणि खंदकावर.

पन्नासहून जास्त दिवस झाले तरी किल्ला पडेना. शेवटी खानाने जमिनीखालून भुयार खणून कोपऱ्याच्या बुरुजाखाली सुरुंग भरला. १४ ऑगस्टला बुरूज उडाला. तरी खिंडारामागे उभं राहून त्या दिवशी आतल्यांनी मोगलांना थोपवलं. दुसऱ्या दिवशी फिरंगोजींनी किल्ला दिला. तारीख बघा, १५ ऑगस्ट. मोगलांचे २६८ ठार आणि ६०० जखमी, असे आकडे जदुनाथ सरकारांनी दिले आहेत. खानाने फिरंगोजींना मोगली चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि ते महाराजांकडे परतले. महाराजांनी त्यांचा सन्मानच केला.

एका भुईकोटासाठी एवढी माणसं आणि एवढे दिवस गेले, तर डोंगरी किल्ले घेताना काय होईल, हा हिशेब खानाने केलाच असणार. चाकणनंतर तो पुण्यात जाऊन बसला. पुढे लाल महालात त्याच्या बोटांचं काय झालं, ते सगळ्यांना पाठ आहे.

पावनखिंडीवर २०२२ साली सिनेमा आला, थिएटरं भरली, शिट्ट्या वाजल्या. चांगलंच झालं. पण त्याच पावसाळ्यात, त्याच राजासाठी लढलेल्या चाकणच्या किल्ल्याचं काय झालं?

जुन्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये, म्हणजे १८८५ साली, या किल्ल्याचं वर्णन आहे. जवळजवळ चौकोनी, कोपऱ्यांना बुरूज, पूर्वेला दरवाजा, एकाआड एक पाच-सहा लहान दरवाजे, उंच तट, आणि भोवती सुमारे तीस फूट रुंद आणि पंधरा फूट खोल खंदक. १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतल्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनीही एवढं शिल्लक होतं. मोगलांची तोफ खाऊन, सुरुंग खाऊन, पेशवाई बुडून, इंग्रज येऊन उरलेला किल्ला तो.

आज जाऊन बघा. तटाचे तुकडे आहेत, बुरूज आहेत, दरवाजा आहे, आत दामोदर विष्णूचं मंदिर आहे. अलीकडच्या वर्षांत डागडुजीचं काही काम झालं, ते मान्य. इतिहासप्रेमी पोरं सुट्टीच्या दिवशी जाऊन झाडझुडूप काढतात, त्यांना तर दंडवतच घालायला हवा. पण मूळ किल्ल्याच्या मानाने हे उरलंसुरलं आहे. खंदक बऱ्याच ठिकाणी बुजला आहे, त्याच्यावर आणि त्याच्या कडेने घरं उठली आहेत. ज्या खंदकाने शाहिस्तेखानाला दोन महिने अडवलं, त्याची कड नेमकी कुठून कुठे जात होती, हे रस्त्यावर उभं राहून आज सांगता येत नाही.

इथे नेहमीची टेप सुरू होते : "लोकांनीच अतिक्रमण केलं ना? मग?"

थांबा. लोकांवर घसरण्याआधी दोन गोष्टी ऐका.

पहिली : आपल्या नियमावलीत जुन्या गावाला काय नाव आहे, माहितेय? २०२० च्या डिसेंबरपासून राज्यातल्या बहुतेक शहरांना जी एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्या हिशेबात गाव दोन भागांत विभागलं जातं. एक दाट वस्तीचा भाग आणि दुसरा बाकीचा. दाट वस्ती म्हणजे कोण? आपलं गावठाण. मूळ गाव. जिथे वेस होती, पार होता, ग्रामदैवत आहे, जुने वाडे आहेत, ते सगळं सरकारी भाषेत "दाटी". तिकडे इंग्लंडमध्ये तशाच जागेला संवर्धन क्षेत्र म्हणतात. आमच्या आईला तुम्ही "घरातली अडचण" म्हणायचं आणि वर आम्हालाच विचारायचं, आईची कदर का नाही?

नावात काय आहे म्हणाल, तर पुढे सगळं नावावरूनच ठरतं. दाट वस्तीत भूखंड लहान, म्हणून तिथे मूळ एफएसआय बाकीच्या भागापेक्षा जास्त दिला जातो. कारण समजण्यासारखं आहे, लहान जागेत कुटुंब मावलं पाहिजे. पण परिणाम बघा. जुनं माळवदाचं किंवा कौलारू घर म्हणजे न वापरलेला एफएसआय. रस्ता जितका रुंद, तितकं बांधकाम जास्त. म्हणून रस्तारुंदीची रेघ प्रत्येकाला हवीहवीशी वाटते. जो घर पाडून बांधतो तो चार फूट मागे सरकतो, शेजारचा सरकत नाही, आणि दहा वर्षांत गल्लीचा चेहरा दात पडल्यासारखा होतो. हे कुणा खलनायकाने ठरवून केलेलं नाही. नियम तुम्हाला त्या दिशेने ढकलतो. पाडाल तर मिळेल, राखाल तर काही मिळणार नाही. अशा व्यवस्थेत जो राखतो तो मूर्ख ठरतो.

दुसरी गोष्ट वाड्याच्या मालकाची. समजा, चार भावांचा वाडा आहे. एक पुण्यात, एक कंपनीत, एकाची शेती एमआयडीसीत गेलेली, एक गावातच. भिंत फुगली आहे, माळवद गळतंय. दुरुस्तीला दगडी काम करणारा गवंडी मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि चार हिश्श्यांतून पैसे कोण काढणार? उलट वाडा पाडून वीस खोल्या काढल्या तर प्रत्येक खोलीचं भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. बिहारहून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या पोरांना खोली हवीच आहे. कंपन्यांनी शिफ्टला माणसं बोलावली, पण त्यांच्या राहण्याची सोय कुणी केली? ती गावाने केली. खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी, म्हाळुंगे, निघोजे... या प्रत्येक गावाने आपली जुनी घरं मोडून कामगारांच्या खोल्या बांधल्या. कामगार वसाहतींचा जो खर्च सरकारने आणि उद्योगांनी करायचा, तो आमच्या गावठाणांच्या भिंतींमधून वसूल झाला. आणि आता त्याच माणसाला "तुला वारशाची कदर नाही" असं एसीत बसून सुनावणार? मी तरी नाही सुनावणार.

आणि कदर नाही म्हणणाऱ्यांना आणखी एक आठवण. चाकणपासून हाकेच्या अंतरावर भामचंद्र डोंगर आहे. तुकोबांच्या साधनेची जागा म्हणून वारकरी त्याला मानतात. २००८ साली शिंदे-वासुली परिसरात डाऊ केमिकलचं संशोधन केंद्र येत होतं. इंद्रायणीकाठचा आणि भंडारा-भामचंद्राचा हा मुलूख, तिथे भोपाळशी नाव जोडलं गेलेली कंपनी नको, म्हणून वारकरी आणि गावकरी रस्त्यावर आले. बांधकामाची जाळपोळही झाली. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण शेवटी प्रकल्प तिथून गेला. ज्या लोकांनी एका डोंगरासाठी जगातल्या बड्या कंपनीशी झुंज घेतली, त्यांना कदर नाही? कदर आहे हो. तिला कागदावर जागा नाही.

तिकडे चिंचवडगावात काय झालं तेही बघा. मोरया गोसावींचं समाधी मंदिर आहे, मंगलमूर्ती वाडा आहे, चापेकर बंधूंचं स्मारक आहे. यातलं एकही कुणी जाऊ देणार नाही, आणि ते योग्यच. पण या ठिकाणांना जोडणारं जे जुनं गाव होतं, नदीच्या घाटाकडे उतरणारे बोळ, एकाला एक टेकलेले वाडे, ते बघता बघता विरळ होत चाललंय. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. या सगळ्या प्रवासात आपण देवळं आणि स्मारकं सुटी सुटी जपली आणि मधलं गाव सोडून दिलं. म्हणजे इंग्लंड १९६७ च्या आधी जिथे होतं तिथेच आपण अजून उभे आहोत. हार आहे, पण ओवायचा दोराच गेला.

आता मित्रमंडळी नेहमी जे आक्षेप घेतात त्यांच्याकडे येतो.

"आधी ट्रॅफिक सोडवा, पाणी द्या, कचरा उचला. किल्ला नंतर." ट्रॅफिकने आमचा जीव नकोसा केलाय, ते मला कुणी सांगायला नको. पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. चाकणचा चौक तुंबतो तो कशामुळे? पुणे-नाशिक आणि तळेगाव-शिक्रापूर हे दोन जडवाहतुकीचे रस्ते एका जुन्या बाजाराच्या गावातच एकमेकांना छेदतात. कंटेनर गावाच्या अंगावरून जातात. आधी कारखाने आणले आणि मग रस्त्यांचा विचार केला. गावाला गाव मानलं असतं तर जड वाहनं बाहेरून वळवायचं काम कारखाने यायच्या आधी झालं असतं. "इथे जरा जपून" अशी एक रेघ नकाशावर असती, तर किल्लाही वाचला असता आणि तुमचा रोजचा दीड तासही.

"इंग्रजांचं काय सांगता, आपल्याला लुटून त्यांनी घरं बांधली." लूट झाली, शंभर टक्के झाली. त्याच कॉट्सवोल्ड्समध्ये सेझिनकोट नावाची हवेली आहे, मोगली घुमटाची, ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली. तिच्याकडे बघून राग येत असेल तर यावाच. पण बायबरीची ती चाळ ईस्ट इंडिया कंपनीच्या जन्माच्या दोनेकशे वर्षं आधीची आहे. आणि ती राखायला लुटीचा पैसा नाही, नियम लागला. नियम लिहायला आपल्याला कुणी अडवलंय?

"मग काय, चाकणचं म्युझियम करायचं? लोकांनी तिथे राहायचं नाही?" हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो. बायबरीत पर्यटकांच्या बसगाड्यांनी लोक इतके वैतागले की त्या बसेसच्या थांब्यांवर निर्बंध आणावे लागले. तिकडच्या कित्येक गावांत घरांच्या किमती अशा वाढल्यात की गावातल्याच पोराला गावात घर घेता येत नाही, शनिवार-रविवारपुरते येणारे श्रीमंत ती घेतात. मला असलं गाव नकोय. आमच्या गावठाणात भाड्याने राहणारा ओडिशाचा पोरगा, भाजीवाली मावशी, सकाळच्या शिफ्टच्या बसला धावणारी बाई, ही माणसं तिथे राहिलीच पाहिजेत. गाव जपायचं ते राहणाऱ्यांसाठी.

"कारखान्यांनी पोट भरलं, आता त्यांनाच शिव्या?" शिव्या कोण देतंय? इथली पोरं नोकरीसाठी मुंबईला जायची ती थांबली, घरोघरी दोन पैसे आले, पोरी इंजिनिअर झाल्या. हे मी डोळ्यांनी बघतोय. पण गाडीवाल्यांच्या आद्य गुरूची एक गोष्ट सांगतो. हेन्री फोर्ड. ज्याने जगाला कारखान्याची चालती पट्टी दाखवली, जिच्यावर आज आमचं अख्खं चाकण चालतं. तो म्हातारपणी काय करत होता? अमेरिकेत डिअरबॉर्नला स्वतःच्या कारखान्याशेजारी एक जुनं गाव उभं करत होता. १९३० मध्ये त्याने कॉट्सवोल्ड्समधल्या चेडवर्थ गावचं एक जुनं दगडी घर विकत घेतलं, दगड सुटे करवून, पेट्यांत भरून बोटीने अमेरिकेला नेलं आणि तिथे पुन्हा उभं केलं. ते आजही तिथे आहे. मोटारींनी जुनं जग मोडलं आणि मग मोटारींच्या मालकाला ते इतकं आठवायला लागलं की त्याने ते समुद्रापलीकडून विकत आणलं. आपल्याला तर काही आणायचंही नाही. जे आहे ते फक्त पाडायचं थांबवायचंय.

बरं, नुसती ओरड करून उपयोग नाही. करायचं काय, ते लिहितो.

एक. चाकणचा, पिंपरी-चिंचवडचा, आणि या पट्ट्यातल्या मोठ्या गावांचा जो कुठला विकास आराखडा पुढे येईल, त्यात जुन्या गावठाणाचा निवडक भाग वारसा परिसर म्हणून दाखवा. पूर्ण गावठाण गोठवा असं मी म्हणत नाही. किल्ला आणि त्याच्या खंदकाची रेघ, चक्रेश्वर मंदिराचा परिसर, तिथली उघड्यावर पडलेली जुनी शिल्पं, वराहमूर्ती, आणि जे चार-दोन वाडे उरलेत ते. वारसा जतनाच्या तरतुदी नियमावलीत आधीपासून आहेत. वापरायच्या राहिल्यात.

दोन. खंदकाची मूळ रेघ मोजून घ्या आणि नगरभूमापनाच्या नकाशावर उतरवा. ज्यांची घरं तिच्यावर आहेत त्यांना हुसकावू नका. फक्त रस्त्यावर, फुटपाथवर ती रेघ दगडाने दाखवा. माणसाला चालता चालता कळू दे, की आपण आत्ता खंदक ओलांडला.

तीन. जो वाडा राखेल त्याला मोबदला द्या. वारसा इमारतीच्या न वापरलेल्या एफएसआयचा टीडीआर देता येतो. तो वेळेत, चकरा न मारता मिळाला पाहिजे. घरपट्टीत सूट द्या. दुरुस्तीला बिनव्याजी कर्ज द्या. माणूस उपदेशाने वाडा राखत नाही, हिशेब जुळला तर राखतो.

चार. कंपन्यांनो, हे तुमच्यासाठी. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. त्या कामांच्या यादीत ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. झाडं लावता, शाळांना बाकं देता, छान आहे. पण तुमच्या लोगोखाली पत्ता म्हणून "चाकण" लिहिता ना? त्या नावाचं थोडं देणं फेडा. दगडी काम आणि चुन्याचं काम येणारे दहा-वीस गवंडी तयार करायला एक वर्ग चालवा. इथल्याच आयटीआयमध्ये वेल्डर घडतात, तसा चुन्याचा गवंडीही घडेल.

पाच. शाळांनो, पोरांना सहलीला प्रतापगडला न्या, रायगडला न्या, पण १५ ऑगस्टचं झेंडावंदन झाल्यावर चाकणची पोरं रांगेने संग्रामदुर्गात न्यायला काय हरकत आहे? बसचं भाडंही लागत नाही. १६६० साली याच तारखेला इथे काय झालं ते एका शिक्षकाने पंधरा मिनिटं सांगितलं तरी पुरे.

आणि सहावं काम आपलं. विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. त्या वेळी आपण काय करतो? माझ्या गुंठ्यावर आरक्षण का, माझ्या दारातून रस्ता का, यासाठी वकील गाठतो. गाठाच, तो हक्क आहे. पण त्याच कागदाबरोबर दुसरा एक कागद जोडा : आमचं गावठाण दाटी म्हणून दाखवू नका, वारसा म्हणून दाखवा. एकाने लिहिलं तर फायलीत जाईल. पाच हजारांनी लिहिलं तर सुनावणीत वाचावंच लागेल.

राजगुरुनगरला, आमच्याच तालुक्यात, हुतात्मा राजगुरूंचा वाडा आज उभा आहे. कारण लोकांनी वर्षानुवर्षं तगादा लावला आणि सरकारला त्याला स्मारक म्हणावं लागलं. आधी नाव मिळालं, मग निधी आला. गावठाणाचंही तसंच होईल, फक्त कागदावरचं ते "दाट वस्ती" आधी खोडायला हवं.

तेव्हा पुढच्या वेळी ती बायबरीची रील आली की जरूर बघा, लाइक करा. मग फोन खिशात टाका, चाकणच्या बाजारातून किल्ल्याकडे वळा, आणि जो काही तट उरलाय त्याच्यावर हात ठेवून या. येताना एक फोटो काढा आणि तारीख टाकून जपून ठेवा. हरकतीच्या अर्जाला तो पुरावा म्हणून जोडता येतो. अर्जाचा मसुदा मी लिहितोय, ज्यांना हवा असेल त्यांनी कळवा. पटलं तर ही पोस्ट पुढे पाठवा, आणि नसेल पटलं तर भांडायलाही या, पण किल्ला बघून मग भांडा.